नागपूर दीड तासावर

विमानानं नागपूर दीड तासावर आहे, हे वाक्य मूळ बाबांचंच. ताईला नागपूरचं स्थळ आलं तेव्हा आईचं तोंड उतरलं होतं. बाबा तिला म्हणाले, "अगं, कात्रजहून लोणी काळभोरला जायला कधीकधी याहून जास्त वेळ लागतो." त्या एका वाक्यावर ताईचं लग्न ठरलं. विमानात मात्र ते स्वतः कधी बसले नव्हते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टरांनी ताईला प्रवासाची मनाई केली आणि माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. ताई फोनवर म्हणाली, "बाबा, आईबरोबर तुम्हीही या. मला तुम्ही हवे आहात." ताईनं असं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी कागद-पेन्सिल घेतली. घर ते विमानतळ सव्वा तास, येरवड्याचे सिग्नल धरून. दोन तास आधी हजर. विमानाचा दीड तास, बॅगा येईपर्यंत अर्धा तास, पुढे ताईच्या घरापर्यंत पाऊण तास. "झाले सहा तास. लोकांना हा दीड तास सापडतो कुठे?" आई जाऊ दे पुढे, मी बारशाला रेल्वेनं निवांत येतो, असा त्यांचा निकाल.

मी दोघांची तिकिटं काढून मोकळी झाले. तर हे गृहस्थ बसनं विमानतळापर्यंत जाऊन आले! एकदा सकाळी, एकदा दुपारी. दारापर्यंत जायचं, घड्याळ बघायचं, परत यायचं. परत आले की म्हणायचे, भरवसा नाही या रस्त्याचा.

"विमान तुम्ही चालवणार नाही आहात," अळिवाचे लाडू डब्यात भरता भरता आई म्हणाली. "रस्ता मोजून झाला असेल तर बॅगेत भरायचे कपडे काढून ठेवा."

मला त्यांचा फार राग आला होता. लेक बोलावतेय आणि हे मिनिटं मोजतायत. निघायच्या दिवशी मी त्यांना जवळजवळ दटावूनच टॅक्सीत बसवलं आणि सोडायला बरोबर गेले.

विमानतळावर आई ट्रॉली आणायला गेली. बाबा बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत उभे होते.

"तिला कळा सुरू झाल्या की माझ्यानं बघवणार नाही," ते एकदम म्हणाले. "पाठवणीच्या वेळी कसंबसं निभावलं. या वेळी रडू येईल. ती मला धीराचा समजते गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस हा माणूस कागदावर काय लिहीत बसला होता, ते आत्ता कळत होतं.

"मग रडा की," मी म्हणाले. "धीर द्यायला आई आहे. तुम्हाला तिनं वेगळं बोलावलंय."

आई आल्यावर बाबांनी ट्रॉली स्वतःकडे घेतली आणि तिच्या पुढे चालू लागले. दारावरच्या जवानाला तिकीट दाखवताना त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.