पाचव्या ठिकाणची दवंडी

नत्थुजी बोरगव्हाणचे कोतवाल. कोतवाल म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मिशा आणि दंडुका येतो. आमच्या वऱ्हाडात कोतवाल म्हणजे तलाठ्यामागे दप्तर घेऊन चालणारा, साहेब आले की खुर्ची पुसणारा, आणि सरकारला गावाशी काही बोलायचं असलं की गळ्यात डफडं अडकवून ते बोलणारा माणूस. मानधन असं की त्याला पगार म्हणायला जीभ वळू नये. पण नत्थुजींना त्याचं फारसं वाटत नसे, कारण त्यांना आवाज होता, आणि गावाचा त्या आवाजावर विश्वास होता.

सरकारी कागद ते जसाच्या तसा कधी वाचत नसत. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असलं काही त्यांच्या तोंडून तीस वर्षांत कोणी ऐकलं नाही. आधी कागद घरी बसून दोनदा वाचायचा, मग तो आपल्या बोलीत आणायचा, आणि मगच डफड्याला हात घालायचा, ही त्यांची रीत. दवंडीची ठिकाणं पाच ठरलेली: मारुतीचा पार, मशिदीचा चौक, शाळा, बुद्धविहार आणि नाल्यापलीकडचा मळा. मळ्यात घरं मोजून सात-आठ, भाजीपाला पिकवणारी. तिथे जायला पूल नव्हता, नाल्यातून उतरून जावं लागे. तरी नत्थुजी मळ्यात गेल्याशिवाय दवंडी पुरी झाली असं म्हणत नसत.

त्या सालांत दवंड्यांना तोटा नव्हता. कापूस दरसाल या ना त्या पायी बुडायचा आणि त्याच्यामागून सरकारच्या याद्या यायच्या. नुकसानीची यादी, मदतीची यादी, कर्जमाफीची यादी, आणि यादीत नाव नसलेल्यांनी काय करावं याचीही एक यादी. बोंडअळीच्या वर्षी नत्थुजींनी एका महिन्यात अकरा दवंड्या दिल्या. शेतीत राम उरला नाही तसा लोकांचा डोळा प्लॉटांवर गेला. अकोट-अंजनगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्याला त्याला आपल्या वावरात कॉलनी दिसू लागली.

अशात शेजारच्या शहराची हद्द वाढली आणि बोरगव्हाण पालिकेत गेलं. त्या शहराचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. कायदेही नवे होते. नकाशात ज्याची जमीन पिवळ्या, म्हणजे राहण्याच्या, पट्ट्यात आली त्याला घर बांधायला अकृषकची वेगळी परवानगी नको, पैसे भरले की काम झालं. आणि ज्याच्या जमिनीवर शाळा, बाजार असलं एखादं आरक्षण पडलं, त्याला तिथे वीटही ठेवता येत नाही, आणि ती जमीन विकत घ्यायलाही कुत्रं फिरकत नाही. पूर्वी अशा नकाशावर हरकत घ्यायला साठ दिवस मिळत. कायदा बदलला आणि ते तीस झाले. ज्यांनी ते केलं त्यांना वाटलं असेल की लोकांना अर्ज लिहायला साठ दिवस कशाला लागतात. कागद तहसिलीतून खेड्यात पोचायला किती दिवस लागतात, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

बोरगव्हाणात तो कागद पोचला तेव्हा तिसातले सहा दिवस गेले होते. तलाठी म्हणाले, "नत्थुजी, आजच देऊन टाका. पाचही ठिकाणचा एकेक पंच घ्या आणि पंचनामा उद्या माझ्या टेबलावर."

नत्थुजींनी कागद दोनदा वाचला आणि संध्याकाळी डफडं काढलं. पारावर उभं राहून ते ओरडले, "आयका हो! आपलं गाव पालिकेच्या नकाशात गेलं हाये! कोणाच्या वावरावर शाळा मांडली हाये, कोणाच्या वावरावर बाजार, कोणाच्या वावरातून रस्ता! नकाशा पालिकेत टांगला हाये, जाऊन पाहा! ज्याले पटत नाही त्यानं चोवीस दिवसांत अर्ज द्या! मंग म्हणसान, सांगतलं नाही!"

इतकी चोख दवंडी त्यांनी आयुष्यात दिली नसेल. मशिदीच्या चौकात वेल्डिंगचं दुकान चालवणारे अब्दुल सत्तार काम थांबवून बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. शाळा झाली, विहार झाला. मग नत्थुजी नाल्याशी आले.

पाणी घोटाभर होतं. पावसाळा ओसरला होता आणि मळ्यातली पोरं त्याच पाण्यातून दिवसातून दहादा ये-जा करत होती. पण नत्थुजींच्या पायांत त्या दिवशी नव्या चपला होत्या. भाच्यानं अकोल्याहून आणलेल्या, चांगल्या कातडी, करकर वाजणाऱ्या. ओल्या झाल्या तर फुगतील असं त्यांना वाटलं. काढून हातात घ्याव्या तर वाकायचा कंटाळा आला, भूकही लागली होती. त्यांनी अलीकडूनच डफड्यावर दोन थापा मारल्या, "आयका हो" एवढं म्हटलं, पलीकडे कोणी दिसलं नाही, आणि ते घरी जाऊन जेवले. एवढंच घडलं. माणसाच्या हातून घडणारी वाईट गोष्ट पुष्कळदा इतकीच किरकोळ असते, आणि म्हणून ती दुसऱ्याला सांगायची जास्तच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यावर मळ्यातलं एक नाव लागत होतं. पार्वताबाई बाजारात बसली होती, समोर पालक आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. साठीला टेकलेली बाई, सव्वा एकराचा मळा, त्यात एक विहीर. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा मनोज, सून गीतांजली आणि दोन नाती, सगळी त्या सव्वा एकरावर जगत होती. मळ्यातून बाजारात जायचा तिचा रस्ता नत्थुजींच्या दारावरून होता, आणि जाताना "नत्थुजी, हाये का घरी?" अशी हाक मारल्याशिवाय ती पुढे जात नसे.

"पार्वताबाई, एक अंगठा पायजे," नत्थुजी म्हणाले.

"कायचा जी बापा?"

"कालच्या दवंडीचा."

"कालची? मी तं काही आयकली नाही."

खरं बोलायला ती जागा सोयीची होती. राहिली बाई, आता सांगतो, असं म्हटलं असतं तर पार्वताबाई हसली असती आणि काम संपलं असतं. पण बाजूला दोन-चार माणसं उभी होती, आणि नत्थुजींची दवंडी चुकते हे त्यांच्यापुढे म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"सांजच्याले देल्ली ना," ते म्हणाले. "तुमची मोटर सुरू असन, त्याच्यानं आयकू आलं नसन."

"असन बापा. होतं काय त्याच्यात?"

"नकाशाचं काही तरी. तुमच्या मळ्याचं काय असणार त्याच्यात!"

पार्वताबाईनं लुगड्याला हात पुसला आणि अंगठा उठवला.

पुढचे दिवस नेहमीसारखेच गेले. ती रोज दारावरून जायची, हाक मारायची, नत्थुजी ओ द्यायचे. आज सांगू, उद्या सांगू असं त्यांच्या मनात एकदोनदा आलं. पण आधीचं खोटं उघडं पाडल्याशिवाय खरं सांगता येत नव्हतं, आणि मळ्यावर काही पडलं असेलच कशावरून, असं म्हणत त्यांनी मनाची समजूत घातली. पालिकेत जाऊन नकाशा पाहून यायला अर्धा दिवस पुरला असता. तेही त्यांनी केलं नाही.

दोन महिन्यांनी मनोज मळ्यात दोन खोल्या बांधायची परवानगी काढायला पालिकेत गेला आणि पांढराफटक होऊन परत आला. पार्वताबाईच्या पूर्ण सव्वा एकरावर, विहिरीसकट, भाजीबाजाराचं आरक्षण होतं.

शेजारचं वावर अब्दुल सत्तारांचं, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. त्यांच्याही अर्ध्या वावरावर तेच आरक्षण होतं. पण ते दवंडीच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज देऊन आले होते, चालू विहीर आहे, बागायत आहे, म्हणून. त्यांचं वावर आरक्षणातून सुटायच्या वाटेवर होतं. पारापाशी पार्वताबाईपुढे ते मान खाली घालून उभे राहिले. "भाभी, मले वाटलं तुमच्या मळ्यात तं डफडं वाजलंच असन. नत्थुजी काय मळा सोडते? नाही तं मीच येऊन सांगतलं असतं." ज्याची काही चूक नव्हती तो माणूस माफी मागत होता, आणि नत्थुजी हे पारावर बसून ऐकत होते.

हरकतींच्या सुनावणीला पार्वताबाई उशिराचा अर्ज घेऊन गेली. पालिकेच्या सभागृहात टेबलामागे साहेब, आणि दाराशी गावाचं दप्तर धरून नत्थुजी. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज नीट वाचला.

"बाई, मुदत कधीच संपली. तुम्हाला कळलं नाही म्हणता, पण इथं पंचनामा आहे. मळ्यात दवंडी दिली, तुमचा अंगठा आहे." त्यानं मान वर केली. "कोतवाल आहेत ना? दिली होती का हो दवंडी मळ्यात?"

सभागृहात वीसेक माणसं होती, निम्मी बोरगव्हाणची. सगळ्यांनी नत्थुजींकडे पाहिलं. दवंडीच दिली नसेल तर या बाईचा अर्ज घ्यावा लागेल, हे त्यांना समजत होतं. पंचनामा खोटा निघेल आणि कोतवालकी जाईल, हेही समजत होतं. पण कोतवालकीचं भय त्यांना तितकं नव्हतं. त्या वीस तोंडांवर उद्या काय उमटेल, तेवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"देल्ली साहेब," ते म्हणाले.

पार्वताबाई वळली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "मंग देल्ली असन," ती साहेबांना म्हणाली. "नत्थुजी खोटं नाही बोलत. पण साहेब, त्या हप्त्यात लाईट रातची होती, सांजची मोटर सुरू असाचा सवालच नाही. माह्या कानातच काही झालं असन. म्हातारी झाली मी." मग दारातून बाहेर पडता पडता कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "भाजी विकाले जागा देऊन राहिले, अन् पिकवाची घेऊन राहिले."

साहेबांनी अर्जावर 'मुदतबाह्य' लिहिलं.

त्यानंतर नत्थुजी लाजेनं अर्धे झाले. आरशापुढे दाढी करताना ते नजर चुकवू लागले. कोणी "नत्थुजींचं काम म्हणजे पक्कं" म्हटलं की त्यांना थोबाडीत बसल्यागत होई. पोलिओच्या डोसाची दवंडी असो की कोणाची शेळी हरवलेली असो, आता ते सगळ्यांत आधी नाला ओलांडून मळ्यात जात आणि पार्वताबाईच्या दारात इतक्या जोरानं डफडं बडवत की कोंबड्या उडत. ती काम टाकून जवळ येई, एक कान पुढे करी आणि म्हणे, "आज चांगलं आयकू आलं हो! असंच वाजवत जा." नत्थुजी परत येत आणि नाल्याच्या काठी बराच वेळ बसून राहत. कबूल करायचं वाक्य त्यांनी तिथे बसून शंभरदा जुळवलं असेल. तिची हाक ऐकू आली की ते वाक्य घशातच राही.

एका दुपारी तीच त्यांच्या ओट्यावर येऊन टेकली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, हातात एक्स-रेच्या पाकिटासारखं मोठं पाकीट.

"अकोल्याहून येऊन राहिली," ती म्हणाली. "गीतांजलीनं नेलं कानाच्या डॉक्टरकडे. एका खोक्यावाणी खोलीत बसवलं, कानाले यंत्र लावलं, अन् म्हणे शिटी आयकू आली की बोट वर करा. समद्या आयकू आल्या. डॉक्टर म्हणे, बाई, तुमचे कान जवान पोरीसारखे हायेत."

"बरं झालं," नत्थुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"काय बरं झालं? कान चांगले, तं मंग बिघाड डोक्यात. आयकलं अन् इसरली मी. मनोज काही बोलत नाही, पण त्याच्या मनात हायेच ना, मायच्या पायी मळा गेला म्हणून. आता पोराले म्हणते, नागपूरले डोक्याच्या डॉक्टरले दाखव. वेडीबिडी होऊन राहिली का मी, ते तं समजन." ती हसायचा प्रयत्न करत होती, पण डोळे भरून आले होते. "तुमी मले इतक्या सालापासून पाहून राहिले. खरं सांगा नत्थुजी, मी इसरभोळी झाली का?"

त्या एका क्षणी ते शंभरदा जुळवलेलं वाक्य नत्थुजींना आठवलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले.

"दवंडी देल्लीच नव्हती. नाल्यापासून परत आलो मी. साहेबापुढे खोटं बोललो, अन् त्याच्या आधी बाजारात बी. तुमचे कान चांगले हायेत, डोकं बी चांगलं हाये."

पाकीट मांडीवर ठेवून पार्वताबाईनं त्याच्या कडा हातानं सरळ केल्या. रस्त्यानं कोणीतरी "रामराम" करून गेलं, त्याला तिनंच उत्तर दिलं. मग शांतपणे विचारलं,

"बाजारात माहा अंगठा घेतला, त्या दिवशी अर्जाले किती दिवस बाकी होते?"

नत्थुजींना आकडा पाठ होता. "तेवीस."

"तेवीस," ती म्हणाली आणि उठली. "तेवीस दिवस मी याच दारापुढून गेली, बापा. रोज हाक मारून गेली."