चार बोटांची जाळी

फुटबॉलचा सामना कोणी जिंकला याच्याशी माझ्या मावशीला काडीचं देणंघेणं नसतं. मैदानावरून कोणी परतताना दिसलं की ती एकच प्रश्न विचारते, "चेंडू जाळीत किती वेळा गेला?" शून्य-शून्य अशी बरोबरी झाली असेल तर तिचा चेहरा उतरतो. "दीड तास बिचारी नुसती लटकून राहिली," असं ती म्हणते. बिचारी म्हणजे गोलमागची जाळी, आणि आमच्या मैदानावरची प्रत्येक जाळी गेली एकतीस वर्षं मावशीच विणते.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची तिरक्या छताची खोली आहे. उंच माणसाला तिथे निम्म्याच खोलीत ताठ उभं राहता येतं. मावशी बुटकी, म्हणून सगळी खोली तिची. भिंतीत खिळे, खिळ्यांवर दोरीची वेटोळी, खिडकीपाशी एक स्टूल. आमचे आजोबा तळ्यावरची मासे धरायची जाळी विणायचे. तळं आटलं, मासे संपले, आणि मैदानवाल्यांनी गोलच्या जाळ्या मागितल्या तेव्हा आजोबांनी त्या विणून दिल्या. हात थकल्यावर त्यांनी विणायची लाकडी सुई थोरल्या मुलीला दिली. धाकटीलाही, म्हणजे माझ्या आईलाही, ती हवी होती. पण तिने विणलेला वीतभर तुकडा बघून "हिचा हात सैल आहे" असा निकाल आजोबांनी दिला आणि आई बेकरीत पीठ मळायला लागली. निकालाला एकतीस वर्षं झाली, आईचं अपील अजून चालूच होतं.

मावशीच्या खोलीत मोजपट्टी नाही. डाव्या हाताची चार बोटं जुळवायची, त्यांवरून दोरी घ्यायची, गाठ मारायची, की जाळीचा एक चौकोन झाला. तिची बोटं बारीक आणि गाठ पक्की, त्यामुळे जाळी ताणून बसवलेल्या चादरीसारखी दिसते. तिला त्याचा फार अभिमान. कोणी कौतुक केलं नाही तर ती स्वतःच करते, उगाच खोळंबा नको म्हणून.

आमच्या खंडातल्या सगळ्या देशांचे मोठे खेळ यंदा आमच्या देशात भरणार होते, आणि बायकांच्या फुटबॉलचे चार सामने आमच्या छोट्या मैदानाच्या वाट्याला आले. त्यांच्यासाठी दोन नव्या जाळ्या हव्या होत्या. ही बातमी आली त्या दुपारी मावशी जेवली नाही. मग संध्याकाळी दोन दिवसांचं जेवली. एकतीस वर्षं तिच्या जाळीत शाळेतल्या पोरांचे, कारखान्यातल्या कामगारांचे, नगरपालिकेच्या कारकुनांचे गोल गेले होते. आता परदेशच्या खेळाडूंचा चेंडू जाणार होता. "एक जरी गेला तरी मी भरून पावले," ती म्हणाली.

पहिली जाळी तिने एकटीने संपवली. दुसरी निम्मी झाली आणि तिचा खांदा धरला. तपासणीला महिना राहिला होता. नाइलाजाने तिने आईला बोलावलं, उजवी बाजू तिच्याकडे सोपवली आणि चौकोन किती ते लिहून दिलं. आईने ते बरोबर तेवढेच घातले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पण घातले स्वतःच्या चार बोटांवर, आणि तीस वर्षं पीठ मळलेल्या बाईची बोटं कशी असतात ते मला माहीत आहे, लहानपणी त्यांचा मार मी खाल्लाय.

जाळी खांबांना बांधली तेव्हा भानगड कळली. डावी बाजू ताठ, आणि उजवी बाजू जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी सुटलेली.

"तरी मी बाबांचं ऐकायला हवं होतं," मावशी म्हणाली.

"हाताची पाच बोटं सारखी नसतात," आई म्हणाली, "तर दोघींची आठ कुठून असतील?"

तेवढ्यात खेळांच्या तपासनीसबाई आल्या. बाई पूर्वी स्वतः खेळलेल्या, सहा फूट उंच. त्यांनी पट्टी लावून चौकोन मोजले. दोन्हीकडचे नियमात बसत होते. मावशीने सुटकेचा श्वास घेतला, पण बाईंनी चेंडू मागवला, कचेरीतले बूट घालूनच मागे सरकल्या आणि डाव्या बाजूला सणसणीत मारला. चेंडू जाळीला लागला आणि तस्सा उसळून त्यांच्या पायाशी परत आला.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "चेंडू असा बाहेर आला तर आत गेला की खांबाला लागला, यावर भांडणं होतात." मग त्यांनी उजव्या बाजूला मारला. जाळी फुगली, चेंडू आत दमला आणि तिथेच खाली पडला. "ही बाजू कोणी विणली?"

मावशी एरवी कोणाला बोलू देत नाही. आता तिने आईकडे बघितलं आणि कडू औषध गिळावं तसं म्हणाली, "हिने."

"मग दोन्ही जाळ्या अशाच करा. आठ दिवस आहेत. नाही जमलं तर यंत्रावरच्या मागवू."

खेळ तोंडावर आलेले आणि दीड जाळी उसवून पुन्हा विणायची. आईचा हात सैल तर होताच, मंदही होता. एका ओळीला ती दुपार लावायची. एकटी आई विणत बसली असती तर पुढच्या खेळांना जाळी तयार झाली असती.  दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बेकरीच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिली.

"हात हवाय," ती म्हणाली.

"कोणाचा?" आईने विचारलं, सगळं समजून.

"तुझा. डावा. आठ दिवस."

आईने मालकाकडे रजा मागितली आणि आठ दिवस त्या तिरक्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. आई डाव्या हाताची चार बोटं पुढे धरायची, खांदा बरा झालेली मावशी त्यांवरून दोरी घेऊन आपल्या वेगाने गाठ मारायची. मी शहाणपणा करून म्हटलं, "आईच्या बोटांएवढी लाकडाची पट्टी कापून घ्या, आई मोकळी होईल." दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा आणायला निघून गेले. परत आले तेव्हा मावशी लहानपणच्या कुठल्या तरी भांडणाची गोष्ट सांगत होती आणि आई एवढी हसत होती की बोटं हलत होती. "हलू नकोस, चौकोन चुकेल," मावशी ओरडली आणि स्वतःच हसायला लागली. या दोघींना इतकं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी तपासनीसबाईंनी दोन्ही जाळ्यांत मिळून दहा चेंडू मारले. दहाही आत राहिले.

पहिला सामना आमच्याच देशाचा होता. आम्ही तिघी गोलच्या अगदी मागे बसलो. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं, या दोघी जाळीकडे. एक तास होऊन गेला तरी गोल नाही. मावशीचा चेहरा उतरत चालला. एक चेंडू खांबाला लागून गेला, एक वरून गेला. "अगं, आत मारा की," मावशी पुटपुटली, कोणत्या संघाला ते तिने सांगितलं नाही.

शेवटची दहा मिनिटं उरली असताना पाहुण्यांच्या एका पोरीने लांबून मारला. आमच्या गोलकीपरने अंग झोकून दिलं, पण तिचा हात पोचला नाही. जाळी पाठीकडे फुगली, चेंडू तिच्या कुशीत थांबला आणि हळूच खाली उतरला. सगळं मैदान चिडीचूप झालं.

त्या शांततेत मावशी उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.

पुढच्या ओळीतला माणूस वळला. "बाई, गोल आपल्यावर झालाय."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "पण बघा ना, कसा राहिलाय आत. माझ्या बहिणीची बोटं आहेत ती."

त्या माणसाला काही कळलं नाही. आईला कळलं. एकतीस वर्षांचं अपील त्या एका वाक्यात निकाली निघालं होतं. ती उठली, मावशीशेजारी उभी राहिली आणि पिठाने जाड झालेल्या त्या हातांनी टाळ्या वाजवायला लागली. लोक रागाने बघत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, इतका आनंद मला आपला संघ जिंकल्यावरही कधी झाला नव्हता. मग मीही उठले.