मलकापूरचा जर्मन

जर्मन मैदानावर कधी पडला नाही. मलकापुरात कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या पटांगणात आम्ही काळ्या मातीत फुटबॉल खेळायचो. सामना संपला की बाकीच्यांचे चेहरे ओळखू येत नसत आणि हा मात्र नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा. तेव्हापासून मला त्याची चीड आहे. मी फॉरवर्ड, तो डिफेंडर. सरावात रोज माझ्याच समोर. मी जिवाच्या आकांतानं धावावं आणि यानं नुसता पाय पुढं करून बॉल काढून घ्यावा. वर म्हणायचा, "काऊन पयतो बे एवढा? बॉल कुठी जाते ते पाह्यलं की पयाव लागत नाई."

त्याच्या खोलीत जर्मनीच्या एका डिफेंडरचं पोस्टर होतं, म्हणून हे नाव. तो खेळाडू पुढं जर्मनीच्याच संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच झाला, तेव्हा आमच्या जर्मननं चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "आता मीबी कोच होतो." आम्ही पोट धरून हसलो. पण मुलींच्या शाळेला कोच हवा होता तेव्हा अर्ज दोघांचे गेले. गोल सगळे माझे, लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं ते मला. नेमणूक मात्र त्याची झाली.

शिकवायची तऱ्हाही विचित्र. पहिला महिनाभर बॉलला पाय लावू द्यायचा नाही. मुलींना जोडीजोडीनं समोरासमोर उभं करायचा. एकीनं हवं तिकडं जायचं, दुसरीनं हात न लावता वाट अडवायची. पालक कुरकुरले. सगळ्यांत जास्त मी, कारण त्यात माझी ऋतुजा होती.

"गोल माराले शिकव तिले," मी म्हटलं. "माही पोरगी हाय."

"मालूम हाय मले. म्हनूनच मागं ठेवली. पुढं जाची घाई तिले घरूनच भेटली."

मग घरात जेवताना 'सर म्हणतात' सुरू झालं. मी माझ्या एखाद्या गोलची गोष्ट रंगवून सांगावी, तर ऋतुजा विचारायची, "तवा त्याहिचा डिफेंडर कुठी होता?" बायको पदराआड हसायची. माझा घास कडू व्हायचा.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका संघानं त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. स्टेशनवर मुली रडत होत्या, ऋतुजा तर हुंदके देत होती. ती माझ्यासाठी कधी अशी रडल्याचं मला आठवेना. जर्मननं माझ्याशी हात मिळवला, "येतो बे" म्हणाला आणि गाडीत चढला.

घरी येताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, सर सांगत होते, तुमी रोज समोर राहात म्हनून ते डिफेंडर झाले. तुमच्यासारखा फॉरवर्ड त्याहिले पुन्हा दिसला नाई म्हने."

इतक्या वर्षांत मला त्यानं हे एकदाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. मला माझ्या पोरीचाही हेवा वाटला.