माझ्याच घरातले सात मतदार

मी अंगणवाडी सेविका. निवडणूक आली की मतदारयादीचं कामही माझ्याच गळ्यात. नवीन नावासाठी अर्ज केलेला माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, हे घरी जाऊन बघायचं. पेणच्या पावसात दारोदार फिरायचं आणि वर लोकांचं ऐकून घ्यायचं. तरी मला त्या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

त्या दिवशी मोबाइलवर सात बाप्यांचे अर्ज आले. पत्ता सगळ्यांचा एकच. अगो बाई, ते तर माझंच घर! दोन खोल्यांत सासूबाई, नवरा आणि मी; हे सात जण झोपत होते कुठे? सोबत जोडलेलं लाइट बिलही आमचंच. फोटो बघितले तर गणपतीच्या कारखान्यातले कामगार. हंगामापुरते बाहेरून येतात. माझा नवरा त्याच कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा आणि कारखानदार शेठचा भाऊ आमच्याच वॉर्डात उभा राहणार होता.

नवरा जेवत होता. विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "शेठनी बिल मागितलं, दिलं."

"ती माणसं इथे राहतात?"

"आपल्याला काय करायचंय गो? मतदानाला शेठ गाडी पाठवून आणतील त्यांना. तू हो म्हण नि गप बस. नाय म्हणालीस तर माझं काम जाईल."

शी! आंघोळ केल्याशिवाय मूर्तीच्या ब्रशला हात न लावणारा हा माणूस. त्याचं उष्टं ताट उचलायचीही मला किळस आली.

सकाळी शेठ स्वतः आले. "वहिनी, यंदा तुमच्या घरचा गणपती आमच्याकडून." लाच म्हणून देव द्यायला निघालेल्या माणसाची जीभ अडखळलीसुद्धा नाही. सासूबाईंनी तर हात जोडले! माझं डोकं फिरलं. मोबाइल काढला आणि शेठच्या समोर एकेका अर्जावर 'इथे राहत नाही' असं नोंदवलं. शेठ चहा तसाच ठेवून उठले.

ऐन हंगामात नवऱ्याचं काम गेलं. आता तो रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर गोणी उचलतो. शिफ्टवरून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. सासूबाई शेजारणीला ऐकवतात, "हिच्या सचोटीने माझ्या लेकाचा हात मोडला."

पुढे पुरवणी यादी आली. सातही नावं पुढच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी घराच्या पत्त्यावर लागली होती. ती गल्ली माझ्याकडे नाही; तिथे तपासायला माझ्यासारखीच दुसरी कुणी गेली असणार. तिने काय नोंदवलं, ते यादीच सांगत होती.

मतदानाच्या दिवशी ते सात जण गाडीतून उतरले आणि आमच्या शेजारच्या बूथच्या रांगेत उभे राहिले. नवऱ्याला बघून त्यांनी हात केला. तो हसत त्यांच्याकडे गेला, खांद्यावर हात टाकून गप्पा मारत राहिला. हसू आलं की त्याच्या गालाला खळी पडते, हे मी विसरलेच होते.