सात दारांची फिर्याद

चोरीला गेलेली ती सात दारं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी एखादी केस सांगा म्हटलं की माझ्या तोंडी हीच येते. त्यातली बरीच माणसं आजही त्याच घरांत राहतात, म्हणून नावं लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. उपनिरीक्षक म्हणून मी कांदिवली-बोरिवलीकडच्या एका ठाण्यात नुकताच बदलून आलो होतो. चारकोपला तेव्हा सरकारी योजनेतून छोटे छोटे भूखंड मिळत होते. रस्ता, पाणी, गटार सरकार देणार, घर ज्याचं त्याने बांधायचं. जोगेश्वरीच्या एका वस्तीतल्या पस्तीस कुटुंबांनी मिळून तिथे सोसायटी केली होती. बहुतेक कोकणातले, गिरणीत राबलेले. त्यांच्या वस्तीत काम करणारी एक लहानशी संस्था त्यांच्या पाठीशी होती. तिने अर्ज भरून दिले, नकाशे मंजूर करून आणले आणि जागेवरच पत्र्याची शेड टाकून दारं-खिडक्या बनवायचं वर्कशॉप काढलं. रविवारी सगळे सभासद एकमेकांच्या भिंती चढवायला जमत.

खरं सांगतो, अशा संस्थांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. मोर्चा काढणारे लोक, एवढीच माझी समजूत.

एका सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीबाई ठाण्यात आल्या. मालवणकडच्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. ठाणे अंमलदाराने बसा म्हणायच्या आधीच त्या बसल्या.

"साहेब, आमची दारं चोरीला जातायत. तीन आठवड्यांत सात गेली."

"आणखी काय गेलं?"

"तेच तर! सिमेंट नाय नेलं, सळई नाय नेली. नुसती दारं. दारं कोण नेतो ओ?"

मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा पाहून आवरलं. घर पुरं झाल्याचा दाखला दार लागल्याशिवाय मिळत नव्हता आणि बांधकामाला मुदत होती. त्याहून वाईट म्हणजे माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली होती. गेल्या रविवारी अर्धे लोक कामाला आलेच नव्हते. दोन कुटुंबं तर सोसायटीतून बाहेर पडायची भाषा करत होती.

"दारं काय, परत बनवू," बाई म्हणाल्या. "पण माणसं उठून गेली तर ती कुठनं आणू?"

मी फिर्याद नोंदवून घेतली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि जागेवर पंचनामा केला. दारं बिजागऱ्यांतून नीट सोडवलेली होती. एकही स्क्रू वाकडा नव्हता. चोरी नेहमी भर दुपारी, माणसं कामावर असताना झालेली. बांधकामावरून कुणी दार घेऊन चालला तर त्याला कोण हटकणार? वर्कशॉपमध्ये आणखी बारा दारं तयार होती. प्रत्येकावर घरमालकाचं नाव खडूने लिहिलेलं. त्यांना कुणी हातही लावला नव्हता. हे मी नोंदवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

खबर मिळाली ती पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरकडून. दुपारी गावठाणाच्या रस्त्याला ताडपत्री घातलेली हातगाडी त्याने दोनदा पाहिली होती. हातगाडीवाला दुसऱ्याच दिवशी सापडला. आम्हाला बघताच त्याने हात जोडले.

"साब, मैं चोर नहीं. मास्तरने बोला, मैंने पहुँचाया."

मास्तर म्हणजे वर्कशॉप चालवणारे गृहस्थ. त्याच गावठाणातले मराठी कॅथलिक, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. पस्तीस घरांची दारं त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या पडवीत सातही दारं उभी. खाली विटा, वर गोणपाट, ओल लागू नये म्हणून. इतक्या वर्षांत मी मुद्देमाल बराच पाहिला, पण चोराने मालाची अशी काळजी घेतलेली पाहिली नव्हती.

मास्तरांना ठाण्यात आणलं. ते शांतपणे बाकावर बसले.

"दारं तुम्हीच नेली?"

"हो, मीच."

"का?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. चहा दिला, तो प्यायले. पुन्हा विचारलं. "साहेब, ते मी सांगू शकत नाही. मला आत टाका."

हवालदार कानाशी लागला, "साहेब, जरा दम देऊ का?" मी नको म्हटलं. जो माणूस स्वतःहून आत टाका म्हणतो, त्याला दम देऊन काय मिळणार?

सेक्रेटरीबाई आल्या तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "मास्तर, तुम्ही?" एवढंच बोलल्या आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मास्तरांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

मी पंचनामा पुन्हा काढून वाचला. बारा दारं शिल्लक होती, सातच नेली. सगळी एकाच मापाची. चोराला दारंच हवी असती तर वर्कशॉपमधून एका फेरीत नेली असती. त्याला ही सात घरंच पुरी होऊ द्यायची नव्हती! दारांमागे लागून उपयोग नव्हता. चौकशी घरांच्या मालकांची करायला हवी होती.

सातही जणांना एकेकटं बोलावलं. चोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकच प्रश्न विचारला. "दार गेलं नसतं आणि दाखला मिळाला असता, तर दुसऱ्या दिवशी काय करणार होता?"

पहिला म्हणाला, राहायला येणार होतो. दुसराही तेच म्हणाला, पण नजर जमिनीवर. तिसरा संपानंतर गिरणीतून घरी बसलेला कामगार होता. तो एकाएकी रडायलाच लागला.

"साहेब, चावी दुसऱ्याला देणार होतो."

मग सगळं बाहेर आलं. एका दलालाने या सातजणांना गाठलं होतं. घर पुरं झालं की आम्ही भाड्याने लावतो, दरमहा पैसे घ्या, घर तुमचंच राहील, असं सांगून त्याने कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेतल्या होत्या. दाखला हातात आला की चावी द्यायची. बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. या कामगाराच्या मनाला ते लागून राहिलं होतं. त्याने मास्तरांना सगळं सांगितलं, पण आधी क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला बोलणार नाही म्हणून. मास्तरांनी शपथ मोडली नाही. दारं मात्र काढून नेली, दाखलाच मिळू नये म्हणून.

त्याच दिवशी पंच घेऊन दलालाच्या ऑफिसवर झडती घेतली. कपाटात कोरे, सह्या केलेले स्टँपपेपर निघाले. आमच्या सात जणांचे होतेच, दुसऱ्या सोसायट्यांतलेही होते. एकावर मात्र आधीच मजकूर टाईप झालेला होता आणि त्यात भाड्याचा शब्दही नव्हता. घर कायमचं सोडल्याचं लिहिलं होतं. तो मी त्या कामगाराला वाचून दाखवला. फसवणुकीचा गुन्हा दाखल करून दलालाला अटक केली.

मास्तरांवर चोरीचा गुन्हा टिकणार नव्हता. दाखला मिळेपर्यंत दारं संस्थेची आणि ती सांभाळायचं काम मास्तरांचंच. गैरसमजातून आलेली तक्रार म्हणून मी 'क' समरीसाठी, म्हणजे केस बंद करायला, कोर्टाकडे कागद पाठवले. पण त्यांना सोडताना म्हणालो, "मास्तर, हेतू चांगला असेल, पण लोकांची दारं काढायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

मास्तर काही बोलायच्या आधी सेक्रेटरीबाईच कडाडल्या. "आणि माणसं तुटायची वेळ आली, ती? तुम्ही मला नुसतं सांगायचं होतं, 'बाई, घराघरांत जाऊन बघा.' शपथ कुठे मोडली असती?"

मास्तर पुटपुटले, "चुकलं माझं."

रविवारी वर्कशॉपच्या शेडमध्ये सभा झाली. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. बाईंनी सातही बायकांना पुढे बसवलं होतं. गिरणी कामगाराची बायको उठली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "रे, माका एका शब्दान तरी इचारलंस? घर काय तुझ्या एकट्याचा?"

मग ती संस्थेच्या लोकांकडे वळली. नवऱ्याला काम मिळेल का, ते सांगा म्हणाली. तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे वर्कशॉपमध्ये घेतलं. सहा कुटुंबं थांबली. एक मात्र गावी गेलं. त्यांना खरंच जायचं होतं. बाईंनी त्यांची जागा नियमाने परत करून प्रतीक्षा यादीतल्या एका विधवेला मिळवून दिली. महिन्याभरात सगळी दारं लागली.

संस्थांबद्दलचं माझं मत त्या रविवारी बदललं. आम्ही पोलीस गुन्हा घडल्यावर जातो. दलालाला मी पकडलं हे खरं, पण ती सहा कुटुंबं तिथे टिकली ती माझ्यामुळे नव्हे. एखाद्याचं घर का सुटू पाहतंय हे विचारणारी माणसं शेजारात होती, म्हणून टिकली.

पुढे चोरीची कुठलीही फिर्याद आली की माल कुठे गेला हे विचारायच्या आधी मी विचारायचो, हे गेल्याने कुणाचं काय अडलं? त्या एका प्रश्नाने माझी बरीच कामं सोपी केली.

निवृत्तीनंतर मुलुंडला मी स्वतःचं घर घेतलं. कागद समोर आले तेव्हा ते आधी बायकोपुढे सरकवले. तिने चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. मग मी केली.