कुंडीतलं वावर

काल फिल्टरची कँडल घासताना ओल्या मातीचा वास आला आणि मला सदर भागातल्या जुन्या घराची मोरी आठवली. पावसाळ्यात नळाला कन्हान नदीचं गढूळ पाणी यायचं. आई रात्री बादलीत तुरटी फिरवून ठेवायची आणि सकाळी वरचं नितळ पाणी माठात भरायची. एकदा तळाचा गाळ मी मोरीत ओतायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"थांब वं, फेकू नको."

"काहून?"

"तिकडं वर खापा गावाले नदीचा काठ ढासळून राहिला. तुह्या मामाचं वावर आहे त्याच्यात."

तिने तो गाळ बोटांत चोळला, हुंगला आणि मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. मला हसू आलं. सातपुड्यापासून किती गावांची माती त्या बादलीत आली असेल, त्यातली मामाची कोणती?

ते अजूनही मला सांगता येणार नाही. मामाचं वावर नदीने कधीच नेलं. वैनगंगेतून, गोदावरीतून ते समुद्रालाही मिळालं असेल. कुंडी मात्र माझ्या बाल्कनीत आहे. म्हातारा मामा घरी आला की चहाच्या आधी तिच्यात बोट खुपसून ओल बघतो.