धुमेची कणीक

आमचे मालक गंगापूरला होते तवर भजनात पखवाज वाजवायचे. आता आम्ही मुकुंदवाडीत राहतो, अन् त्यांना लई कमी ऐकू येतं. जीव रमावा म्हणून मी मोबाईलवर भजनाचा रेडिओ लावते, छोट्या स्पीकरवर. एकदा ते वैतागलेच.

“अगं, धुम बोलतच नाय. कणीक लाव तिला!”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक थापली की आवाज खाली खर्जात जातो. पण स्पीकरला कुठं थापू?

“अवो, पोळ्यांना तरी पुरू द्या!” म्हणून मी हसले. मग मोबाईलमधला बेस वाढवला अन् स्पीकर ते बसतात त्या लाकडी दिवाणावर, भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला. सगळा दिवाण घुमायला लागला. त्यांनी फळीवर तळवा टेकवला, मान डोलावली.

“आता बरोबर. पण बुवा का गप बसलेत? गा म्हणावं.”

बुवा तर टिपेला गात होते. मी कानाशी वाकून म्हणलं, “गातायत की!” त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. त्यांच्यापर्यंत नुसता दणका पोचत होता, अन् माझा आवाज पडला बारीक.

आता जेवायला बोलवायचं झालं की मी दिवाणावर थाप मारते.